जाऊबाईंचं प्रशिक्षण

—अहो जाऊबाई, तिथं नाही, इकडं. पिवळ्या पट्टीच्या अलीकडं. नवीन माणसानं पहिल्या दिवशी पट्टी ओलांडायची नाही असा नियम आहे, आणि तुम्ही नवीन आहात. हसू नका. बरं, तुम्ही कुठल्या हसताय म्हणा, वर्ष झालं तुमचे दात बघून. पण मला मुकादमांनी बजावलंय—नवीन बाईंना सगळं पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका, जेवणाच्या सुट्टीआधी योजनेच्या मॅडम येतायत, फोटोवाल्याला घेऊन—तेव्हा मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार. तर. ही चादर. ही पांढरी असते. हॉटेलातून मळकी येते, इथून स्वच्छ जाते आणि परत मळकी होऊन येते—म्हणून तर लाँड्री चालते. आणि हे समोर धूड दिसतंय ते रोलर मशीन. चादरीला इस्त्री तेच करतं. गरम असतं, हात लावायचा नाही. अकरा वर्षं तुम्ही ह्याच मशीनपुढं उभ्या होतात, मनगटावरचा तो चट्टा ह्यानंच दिलाय, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, मुकादमांनाही माहीत आहे—पण सरकारला माहीत नाही, आणि सरकारला जे माहीत नाही ते घडलेलंच नसतं. धरा. तुमच्याकडची दोन टोकं तुम्ही, माझ्याकडची मी. आता झटका. वा! पहिल्याच दिवशी काय झटका देता हो. उपजतच म्हणायचं.

योजना काय आहे तेही सांगते. वर्गात सांगितलं असेलच तुम्हाला, पण काही गाळायचं नाही ना. योजनेचं नाव 'दुसरी सुरुवात'. ज्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ काम नाही तो दीर्घकालीन बेरोजगार—पूर्वी आपल्याकडं नुसतं 'घरी बसलाय' म्हणायचे, आता नाव तरी मिळालं. तर असा दीर्घकालीन माणूस जो मालक ठेवून घेईल, त्याला त्या माणसाचा निम्मा पगार सरकार देणार, वर्षभर. हेतू वाईट नाही हो. मालक म्हणतो, इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला घेऊन काय करू, तिचे हात गंजले असतील. सरकार म्हणतं, घ्या तर खरं, निम्मा गंज आमच्या खर्चानं काढू. वर्षभरात ती तरबेज होईल, मग तिला कायम करा. आता मला सांगा, बाजारात एक भांडं पूर्ण किमतीला आहे आणि शेजारी तसंच दुसरं निम्म्या किमतीला, तर मालक कुठलं उचलेल? आणि वर्षानं त्या दुसऱ्या भांड्याची किंमत पूर्ण झाली की? ते फळीवर ठेवून देणार आणि परत नवीन निम्म्या किमतीचं आणणार. हे कळायला काही परदेशात जाऊन शिकावं लागत नाही. पण ज्यांनी योजना आखली त्यांच्या घरी भांडी बायकाच आणत असाव्यात, त्यांना कुठून ठाऊक.

लांबीत दोनदा, मग रुंदीत. हो, तुमचंच बरोबर, मी चुकले.

तुम्हाला वर्गात शिकवायला तेच होते का हो—टाळ्यावाले सर? टायरच्या दुकानावरचा तो हॉल, खालून रबराचा वास, आणि हे दर पाच मिनिटांनी म्हणणार, जोरदार टाळ्या! कशाला? कोणी उठून आपलं नाव सांगितलं म्हणून. आमच्यात एक लेथवाले काका होते, चांगले बुजुर्ग कारागीर. त्यांना सर म्हणाले, रोज सकाळी आरशात बघून म्हणायचं—मी सक्षम आहे, मला काम हवं आहे, काम मला शोधत येत आहे. काका म्हणाले, "अहो, काम मला शोधत येत असेल तर मी घर बदललंय, त्याला नवा पत्ता कळवा." सगळे हसले. सर म्हणाले, नकारात्मक विचार नको, काकांसाठी जोरदार टाळ्या! काका दुसऱ्या आठवड्यापासून येईनासे झाले. काम लागलं का? नाही हो. वर्ग चुकवला म्हणून योजनेतूनच नाव उडालं. म्हणजे एक बेरोजगार कमी झाला की नाही आकड्यात? आता परत टाळ्या.

आणि मुलाखतीचा सराव! सर मला विचारतात, मधल्या वर्षांत आपण काय केलंत? मी खरं ते सांगितलं. घड्याळाच्या कारखान्यात होते, चिमट्यानं काटे बसवायचे, तासाचा खाली, मिनिटाचा वर. कारखाना बंद पडला, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं करत होते. सर दचकलेच. म्हणाले, हे असं सांगायचं नाही, मालकाला वाटतं तुम्हाला घरच्या जबाबदाऱ्या आहेत. मग काय सांगू? म्हणाले, सांगा की मी एका वैयक्तिक प्रकल्पावर काम करत होते. ऐकलंत ना? आपल्या सासूबाई वैयक्तिक प्रकल्प! त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्या तशाच उठून बसल्या असत्या. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, ओली चादर अंगाखालून काढून कोरडी सरकवायची, आणि एवढं करून "थोरलीचा हात हलका आहे" हे ऐकायचं—थोरली कामावर, धाकटी उशाशी, आणि हात हलका थोरलीचा! पण सवय लागते हो माणसाची. त्या गेल्या आणि मला दुपार खायला उठायला लागली. भिंतीकडं बघत बसायची मी. हे म्हणायचे, जरा आराम कर आता, आणि आरामानंच जीव जायची वेळ आली होती.

तेव्हा तुम्हीच आलात ना. कमरेवर हात ठेवून म्हणालात, "ऊठ. भिंतीला रंग द्यायचा विचार आहे का?" हाताला धरून योजनेच्या ऑफिसात नेलंत, रांगेत माझ्याबरोबर उभ्या राहिलात, खाडा झाला तुमचा त्या दिवशी. मुकादमांकडं शब्दही तुम्हीच टाकलात, माझी धाकटी जाऊ आहे, हात चांगला आहे, घ्या. मुकादम म्हणाले, योजनेतली असेल तर आणा की! उत्साह बघून आपल्याला वाटलं, काय देवमाणूस आहे. मग तुम्ही मला इथं उभं केलंत—इथंच, आज तुम्हाला उभं केलंय तिथं—आणि चादर धरायला शिकवलंत. कोपर अंगाजवळ. टोक चिमटीत, मुठीत नाही. चादर ओढायची नाही, तिला येऊ द्यायचं. पहिले चार दिवस माझे खांदे भरून आले होते, तुम्ही रात्री तेल चोळून दिलंत आणि म्हणालात, घड्याळवाली बाई, इथं काटे नाहीत, इथं आख्खा माणूस लागतो.

जाऊ द्या. प्रशिक्षणात हे येत नाही. उशांचे अभ्रे घ्या आता. अभ्रा म्हणजे उशीचा कपडा. अहो, डोळे काय वटारताय, मी नियमानं सांगतेय!

मी लागून आठवडाही झाला नव्हता, तो दिवस मात्र मी विसरत नाही. तुम्हाला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, तुम्ही पदराला—ओढणीला—कशाला तरी हात पुसत गेलात, आणि बाहेर आलात त्या सरळ चपला घालून, डबा घेऊन, फाटकातून बाहेर. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. मला वाटलं, घरून काही निरोप आला, भाऊजींना काही झालं की काय. मी मुकादमांना विचारलं तर म्हणतात, "धंदा मंद आहे, एक माणूस कमी करावं लागलं. तुमचं काही नाही हं, तुम्ही योजनेतल्या." धंदा मंद! बाहेर मळक्या कपड्यांचे गठ्ठे छताला लागले होते. घरी आले तर तुम्ही ओट्यापाशी उभ्या, आणि एकच प्रश्न, "तुला माहीत होतं?" मी म्हणाले, नाही. शपथेवर नाही. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं रेल्वेत तिकीट नसलेल्याकडं बघतात. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन शेगड्या. चूल वेगळी झाली. लोकांच्या घरात जमिनीवरून होते, दागिन्यांवरून होते. आपल्या घरात सरकारी योजनेवरून झाली. मग तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरलीत आणि तुमच्या वाटची भांडी बोलायला लागली. सकाळी पातेलं आपटलं म्हणजे 'चालली बाईसाहेब कामाला'. संध्याकाळी झाकण पडलं म्हणजे 'आली'. ह्यांनी मध्ये पडून बघितलं, भाऊजींनी बघितलं. दोघे भाऊ गच्चीत बसून कुजबुजायचे आणि खाली आले की दोघंही म्हणायचे, आमटीत मीठ बरोबर आहे. दोन्हीकडच्या.

काय करायला हवं होतं मी? सोडायला हवं होतं, असंच ना? तुम्हाला वाटतं मी मजेत होते? सोडायलाच तर गेले होते मी! दुसऱ्याच दिवशी—

काही नाही. हे मी सांगणार नव्हते. चादर घ्या पुढची.

बरं, ऐका आता अर्धं ऐकलंय तर. खाडा करून योजनेच्या ऑफिसात गेले. ह्याच मॅडम होत्या, आज येतायत त्या. मी म्हटलं, मॅडम, मला काम नको, माझ्या जागी माझ्या जाऊबाईंना परत घ्यायला सांगा. त्यांनी संगणकात बघितलं. म्हणाल्या, तुम्ही आपणहून सोडलंत तर दोन वर्षं कुठल्याच योजनेत बसणार नाही. मी म्हटलं, चालेल. म्हणाल्या, आणि तुमच्या जाऊबाई इथं काम करत होत्या असं कुठंच दिसत नाही. मी म्हटलं, अहो, अकरा वर्षं! म्हणाल्या, त्या कंत्राटदाराची माणसं असतील, लाँड्रीच्या नावावर कोणी नव्हतं. मग ज्या नव्हत्याच, त्यांना परत कसं घेणार? आणि वर गोड आवाजात, "तुम्ही सोडलंत तर त्यांना मिळणार नाही, तुमचं मात्र जाईल. दोघी घरी बसाल." बाई वाईट नाही हो. पाणी विचारलं मला. रडत होते म्हणून तोंड पुसायला कागद दिला. फक्त माझं म्हणणं टाकायला तिच्या संगणकात कुठं जागा नव्हती.

तेव्हा का नाही सांगितलं म्हणून बघताय? काय सांगायचं? तुम्ही ऐकत होतात? मी 'जाऊबाई' म्हणून तोंड उघडलं की तुम्ही नळ सोडत होतात. आणि मलाही ताठा आहेच. एकदा 'नाही' म्हटलेलं खरं वाटत नसेल तर वर पुरावे कशाला देऊ, मी काय कोर्टात उभी आहे? तेव्हा नाही सांगितलं. आणि मग एकेक दिवस गेला तसं सांगणं जड होत गेलं. आणि खरं सांगू का—आता बोलतेच आहे तर—मला इथं बरं वाटायला लागलं होतं. हो. महिन्याच्या महिन्याला हातात आपली कमाई, दुपारी बायकांबरोबर डबा, कोणी 'सूनबाई' म्हणत नाही, कोणी 'वैयक्तिक प्रकल्प' म्हणत नाही. तुमच्या जागेवर उभी राहून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईट वाटत होतं. धड इकडं ना तिकडं. समोर चादरीच्या त्या टोकाला एक नवी मुलगी असायची, सारखी जांभया देणारी. चादर फडकली की एक क्षणभर पलीकडचं माणूस दिसत नाही ना—तेव्हा वाटायचं, खाली येईल तेव्हा तुम्ही असाल.

झटका द्या हो! हात का थांबला?

आणि तुमची कमाल सांगू? आपल्या दोन खोल्यांत भिंत कसली, पत्राच तो. पहाटे मला ऐकू यायचं. तुम्ही आरशापुढं. "मी सक्षम आहे. मला काम हवं आहे. काम मला शोधत येत आहे." पहिल्या दिवशी मला हसू आलं, उशीत तोंड खुपसून हसले, हे म्हणाले काय झालं, म्हटलं काही नाही, स्वप्न पडलं. दुसऱ्या दिवशी परत ऐकलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही मध्येच थांबलात आणि आरशाला म्हणालात, "चल, मेले." त्या दिवशी नाही हसले मी. बाहेर भल्या भल्या मुकादमांना गप्प करणारी बाई, आणि टायरच्या दुकानावर बसून टाळ्या वाजवतेय, का, तर तिला स्वतःचंच काम नव्यानं मिळावं! आणि मधे त्या शाळेत झाडलोटीचं काम चालून आलं होतं, ते तुम्ही घेतलं नाहीत. कारण घेतलं असतं तर सलग वर्ष पुरं झालं नसतं, मोडलं असतं. माणसानं उपास मोडू नये म्हणून जपावं, तशी तुम्ही बेकारी जपलीत. पण कोणी सांगितलं तुम्हाला की वर्ष पुरं झालं की इथं घेतील? भाऊजींनी ना? आणि भाऊजींना कोणी सांगितलं? ह्यांनी. आणि ह्यांना—

ह्यांना मी. बघा, आज माझ्या जिभेला काय झालंय. हो, मी. मुकादमांनी मला बोलावून सांगितलं होतं. म्हणाले, तुमचं वर्ष संपत आलं, पूर्ण पगारावर मी कोणाला ठेवत नाही, वरून हुकूम आहे. पण आठवडाभर मागंपुढं तुमच्या जाऊबाईंचंही वर्ष भरतंय की, तेवढे दिवस निभावून नेतो. त्यांना घेतो योजनेत. त्या एक वर्ष करतील, तुम्ही एक वर्ष घरी बसा. मग त्या घरी, तुम्ही इथं. काम घरातल्या घरात राहील, सरकार खूश, मी खूश. म्हणजे आपण दोघी एका कपाटातल्या दोन चादरी—एक वापरात, एक धुण्याला! आणि मी काय केलं असेल? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, जाऊबाई? म्हटलं, निदान तुम्ही आत याल. अट एवढीच, की मॅडमना कळता कामा नये. काढलेल्या माणसाला परत योजनेत घेता येत नाही, आणि योजनेतलं माणूस घ्यायला जुनं काढता येत नाही. दोन्ही नियमात बसत नाही. म्हणून तुम्ही इथं कधीच नव्हतात. मशीन आज पहिल्यांदा बघताय. आणि मी तुमची कोणी नाही. आजचा माझा शेवटचा दिवस आहे, एवढं निभवा. मॅडमनी विचारलं तर नुसती मान हलवायची. वर्षभर गप्प राहिलात, अजून दहा मिनिटं राहा. त्यात तर तुमचा हातखंडा आहे.

—आले वाटतं. बूट वाजले. पट्टीच्या अलीकडं या. मुकादम बघा कसे पुढं पुढं करतायत, व्याही आल्यासारखे.

नमस्कार मॅडम. हो, मीच ती. हो, वर्ष झालं. फार बदल झाला मॅडम, आयुष्यच बदललं. आत्मविश्वास? हो, तोही आला. आणि ह्या नवीन. आज पहिलाच दिवस. मी सगळं समजावलं, चादर, अभ्रा, सगळं. नाही, तशी आमची ओळख—आडनाव? हो, एकच आहे खरं. असतात ना मॅडम, एका आडनावाची माणसं पुष्कळ असतात. पत्ता? पत्ताही—मोठी इमारत आहे, मॅडम. फोटो? असं का? दोघींनी चादर धरायची आणि मी त्यांच्या हातात देतेय असं दाखवायचं. बरं. हसते की. जाऊ—अहो ताई, हसा थोडं. ह्या जरा गंभीर आहेत मॅडम, स्वभाव. काय म्हणता? घरात बसून बसून हात जड झाले असतील? हो मॅडम, होतात ना जड. घाबरू नका म्हणतायत तुम्हाला, हळूहळू सवय होईल कष्टांची. बघा, किती समजून घेतात. आणि विचारतायत, ह्याआधी कधी बाहेर पडून काम केलंय का. मान हलवा. आडवी. नुसती आडवी—

काय म्हणालात?

नाही मॅडम, मीही ऐकलं. अकरा वर्षं, म्हणाल्या. याच मशीनवर, म्हणाल्या.

मुकादम, तुम्ही हसू नका. मॅडम मला विचारतायत, मी सांगते. मुकादम म्हणतात बाई गंमत करतायत. मॅडम, ह्या बाईंना मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते, ह्यांनी जन्मात गंमत केलेली नाही. ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. एक आडनाव, एक पत्ता, एक ओटा. ह्यांनीच मला तुमच्या ऑफिसात आणलं होतं, रांगेत शेजारी उभ्या होत्या त्या ह्याच. चादर कशी धरायची ते मला ह्यांनी शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर मुकादमांनी ह्यांना काढलं, कारण ह्या महाग होत्या आणि मी स्वस्त. आता मी महाग झाले. म्हणून आज मी जातेय आणि ह्या नवीन आल्यात. पुढच्या वर्षी परत मी नवीन येणार होते. मी हे तुम्हाला वर्षापूर्वी सांगायला आले होते, मॅडम. आठवत नसेल. तुम्ही मला कागद दिला होतात, डोळे पुसायला.

हो, लिहून देते. सही करते. त्याही करतील. नाही, कोणी शिकवून बोलत नाही आम्ही. घरात आम्ही एकमेकींशी बोलतसुद्धा नाही, शिकवणार कुठून?

बरं.

—गेले दोघं केबिनमध्ये. दार लावून घेतलं. मुकादमांचं तोंड बघा काचेतून, हाताचे तळवे कसे दाखवतायत. अहो फोटोवाले दादा, उभे का, बसा त्या गठ्ठ्यावर, धुतलेलाच आहे. फोटो आता काय काढणार. काढायचाच असेल तर केबिनचा काढा.

झालं तुमचं समाधान? वर्षभर तोंड मिटून बसलात, माझ्यासमोर एक अक्षर नाही, आणि उघडलंत ते नेमकं नको तिथं. दहा मिनिटं दम निघाला नाही! आणि माझीही जीभ, तुमच्या मागं मागं धावत सुटली. आता काय होणार? मी सांगते काय होणार. चौकशी होईल. चौकशीला समिती लागेल. समितीवर निवृत्त झालेली माणसं घेतील, त्यांची तरी दुसरी सुरुवात होईल. ते येऊन मशीन बघतील, चहा पितील, आणि म्हणतील त्रुटी आढळल्या. तोवर तुम्ही घरी, मी घरी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. किंवा मुकादमांना काढतील. मग तेही दीर्घकालीन होतील, टायरच्या दुकानावर जाऊन टाळ्या वाजवतील. किंवा काहीच होणार नाही, मॅडम बाहेर येतील आणि म्हणतील, वरच्या ऑफिसला कळवते. तसंच होईल बहुतेक. ह्या बाईच्या हातात तरी काय आहे. पण चेहरा पडला होता तिचा, बघितलंत? खाली बघून कागदच शोधत राहिली.

आणि मला तर हलकंच वाटतंय. येडेपणा आहे सगळा. संध्याकाळी ह्यांना काय सांगू, भाऊजींना तुम्ही काय सांगणार? गच्चीत बसतील परत दोघं. बसू देत.

चला, केबिनचं दार उघडेपर्यंत गठ्ठा तर संपवू. आपल्याला जा म्हणून अजून कोणी सांगितलेलं नाही. धरा. लांबीत दोनदा. रुंदीत—

काय?

परत म्हणा. मशीनच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं. आलं, ऐकू आलं, तरी परत म्हणा.

घडी वाकडी झालीय? वर्ष झालं, जाऊबाई! वर्षभरानं माझ्याशी तोंड उघडलंत, सकाळपासून मी घसा कोरडा करतेय, नको ते सगळं सांगून बसले, पुढच्या वर्षीचं काम घालवून बसले, आणि तुमच्या तोंडातून पहिली गोष्ट काय निघते, तर घडी वाकडी! कुठंय वाकडी? दाखवा. दाखवाच मला.

—हं.

आहे. थोडी आहे.

सोडा, उलगडा सगळी. पहिल्यापासून घेऊ. आणि आता मी काही बोलत नाही.